खारपटातली नारिंगी रस्सी

लोक मला पाणाड्या समजतात. हातात पिवळा दांडा, कानाला हेडफोन, मान खाली, आणि साठी उलटलेला माणूस रस्त्याच्या कडेने पावलापावलाने चाललेला. बघणाऱ्याचं तरी काय चुकलं? ओवे गावात एकदा एका गृहस्थांनी मला घरी बोलावलं, चहा दिला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "मागच्या पडवीखाली आजोबांनी काहीतरी पुरलंय असं घरात बोलतात. तुमच्या मशीनला दिसेल का?" मी म्हटलं, तसलं दिसत असतं तर मी अजून दुसऱ्यांची गटारं कशाला तपासत हिंडलो असतो? ते हसले नाहीत. मग पडवी तपासून दिली. खाली जुनी लोखंडी पाइप निघाली, गंजून चाळण झालेली. भिंतीला वर्षानुवर्षं ओल का येते ते त्या दिवशी कळलं. पाइप बदलली, ओल गेली. आजही भेटले की आभार मानतात, पण चेहऱ्यावर थोडी निराशा असतेच.

माझं काम सांगायला सोपं आहे. कुणी रस्ता, गटार किंवा इमारतीचा पाया खोदणार असेल तर त्याआधी खाली काय काय आहे ते शोधायचं आणि वर चुन्याने रेघ मारून द्यायची. विजेची केबल, पाण्याची पाइप, गॅस, फायबर. आपल्याकडे जो तो आपापली वस्तू पुरतो, वर माती लोटतो आणि विसरतो. नकाशे असतात, नाही असं नाही. पण नकाशात लाइन रस्त्याच्या डाव्या अंगाला असते आणि मधल्या काळात रस्ताच सरकलेला असतो.

उमेदीची वर्षं मी टेलिफोनच्या केबलचे दोष शोधण्यात घालवली. पनवेलच्या जुन्या बाजारात फोन मुके झाले की माझी पेटी घेऊन निघायचं, तारेत सूर सोडायचा आणि तो कुठे थांबतो ते ऐकत जायचं. त्या तांब्याच्या केबल आता मेल्या. एखादा रस्ता तपासताना त्यातली एखादी अजून माझ्या दांड्याला लागते. खाली आपणच जोडलेला सांधा असेल असं वाटतं आणि वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. मग रेघ मारून शेजारी 'बंद' लिहितो आणि पुढे जातो.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. भाऊ, बहीण, चुलत, मामे, सगळे केव्हाच तिकडे, इस्रायलला गेले. मी का गेलो नाही हे बायको अजून विचारते. मी तिला सांगतो की तिथल्या जमिनीत काय पुरलंय ते मला ठाऊक नाही, इथलं थोडंफार कळायला लागलंय. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारभर मी काम करत नाही, एवढं माझ्या सगळ्या कंत्राटदारांना पाठ झालंय.

आता यंत्रांविषयी. गिऱ्हाइकाला वाटतं, सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं. साडीच्या दुकानात ते खरं असेल. माझ्याकडे मुख्यतः दोन यंत्रं आहेत. एक तो पिवळा दांडा, म्हणजे लोकेटर. त्याच्या जोडीला एक पेटी असते. पेटी धातूच्या तारेत किंवा पाइपमध्ये सूर सोडते, दांडा वरून तो ऐकतो. चालू विजेची केबल असेल तर पेटीचीही गरज नाही, ती स्वतःच गुणगुणते. पण धातू पाहिजे. प्लास्टिकची पाइप त्याच्या लेखी नसल्यात जमा. दुसरं म्हणजे रडार, बाळाच्या ढकलगाडीएवढी गाडी आणि वर पडदा. ते जमिनीत लहरी सोडतं आणि परत येतील त्यांचं चित्र काढतं. त्याला प्लास्टिकही दिसतं, पण जमीन कोरडी हवी. मुरुमात ते छान चालतं. खाऱ्या, ओल्या चिखलात मात्र ती लहर वीतभर जाते आणि विझते. गोधडीत तोंड खुपसून हाक मारावी तसं.

खारघरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी रडारवर अडून बसले होते. मोबाइलवर त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. त्यांना आवारात खड्डा घ्यायचा होता आणि बागेतल्या दिव्यांची केबल कुठून जाते ते कुणालाच माहीत नव्हतं. रडार फिरवलं. फरशीखाली लोखंडी जाळी होती, त्यामुळे पडद्यावर जाळीच जाळी. मी म्हटलं, "साहेब, बागेतले दिवे लावा, म्हणजे केबलमधून वीज जाईल आणि माझा दांडा ती ऐकेल." ते म्हणाले, "भर दुपारी? सोसायटीचं बिल कोण भरणार?" मग मीटिंग भरली. दिवे लावायचा ठराव होईपर्यंत सूर्य इतका कलला, की दिवे लावायची वेळच झाली. दिवे लागले, केबल बोलली, मी रेघ मारली. सेक्रेटरींनी दिवे विझवायला वॉचमनला पिटाळलं तेव्हा बागेतल्या बायकांनी त्याला परत पाठवलं.

ही झाली गंमत. पण यंत्र निवडणं म्हणजे काय हे मला नीट कळलं ते जासईच्या पुढच्या एका गावात, हिराबाईंच्या लग्नघराशेजारी.

तो सगळा पट्टा पूर्वी मिठागरांचा. आता तिथे कंटेनरची यार्डं आहेत, गावाच्या अंगणाला लागून पोलादी खोक्यांचे चार-चार मजले. या गावाशेजारच्या यार्डाने भराव टाकून जमीन उंच केली आणि पावसाचं पाणी गावाच्या आळ्यांत शिरायला लागलं. गावाने भांडून भांडून यार्डाकडून मोठं गटार मंजूर करून घेतलं होतं. पावसाआधी ते व्हायलाच हवं होतं. पण गटाराच्या वाटेत कुठेतरी गावाची पिण्याच्या पाण्याची पाइप आडवी जात होती, आणि ती नक्की कुठे, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

गटाराच्या कामावर इम्रान नावाचा इंजिनियर होता, पनवेलचाच, माझ्या ओळखीचा. त्याचा बुधवारी सकाळी फोन आला. "काका, रडारवाले येऊन गेले. रिपोर्ट साफ आहे, खाली काही नाही म्हणतात. पण एक बाई पोकलेनच्या समोर खुर्ची टाकून बसल्यात. मेहेरबानी करा, एकदा येऊन जा."

बाई म्हणजे हिराबाई. गावाच्या पाणी समितीच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, हातभर बांगड्या, खुर्ची प्लास्टिकची पण बसणं सिंहासनावरचं. मला पाहून उठल्या नाहीत.

"गटार आमालाच पायजे," त्या म्हणाल्या. "पन मागं दुसऱ्या कामावाल्यानी पाइप फोडली तवा गावानी कवरे दिवस टँकरचा पानी पिलाव. पाइपीत खारा चिखल भरला तो येगलाच. रविवारी माझे पोरीची हलद हाय. सगला गाव जेवाला येनार. पाइप दाखवा, मंग खोदा."

इम्रानची अडचणही खरी होती. पोकलेन शनिवारी दुसऱ्या साइटवर जाणार होतं आणि पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. गटार राहिलं तर पावसात हिराबाईंच्याच घरात पाणी. म्हणजे एका बाजूला पिण्याचं पाणी जाणार, दुसऱ्या बाजूला न पिण्याचं येणार. शुक्रवारपर्यंत पाइप सापडायला हवी होती.

रडारच्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवला नाही. टाचेने वरचा पापुद्रा उकरला तर खाली काळा, ओला खारपट. अशा जमिनीत रडारने 'काही नाही' म्हणणं याचा अर्थ 'मला काही दिसलं नाही' एवढाच. रिपोर्ट लिहिणाऱ्याने तो फरक केला असता तर हिराबाईंना उन्हात बसावं लागलं नसतं.

मी दांडा काढला, पेटी जमिनीवर ठेवून सुरू केली. लगेच खणखणीत सूर. इम्रान खूश झाला. सूर सरळ रेषेत यार्डाच्या कुंपणाला धरून चालला होता. मला तोच सरळपणा खटकला. गावच्या लोकांनी हाताने खोदलेल्या चरात पाइप इतकी शहाण्यासारखी जात नाही. मी इम्रानला म्हटलं, "ते कुंपणालगतचे कंटेनर हलव." त्याने डोक्याला हात लावला, पण यार्डवाल्यांच्या विनवण्या करून संध्याकाळपर्यंत ती रांग मागे घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेटी लावली आणि सूर गायब. माझा सूर जमिनीतल्या पाइपवर नव्हताच, शेजारच्या पोलादावर उडी मारून बसला होता.

म्हणजे पाइप प्लास्टिकची. तरी एक आशा होती. प्लास्टिकची पाइप टाकताना तिच्या जोडीने तांब्याची बारीक तार पुरायची पद्धत आहे. पुढे कधी शोधायची वेळ आली तर त्या तारेत सूर सोडता येतो. मी हिराबाईंना विचारलं, "पाइप टाकली तेव्हा सोबत तार टाकली होती का?"

"टाकली ना," त्या म्हणाल्या. "आमचे मालकांनीच टाकली. सायेब सांगून गेलेला, पाइपीच्या वर तार टाका, मंग कवा बी गावंल. मालक बोलले, खारपटात तार कवरे दिवस टिकल? गंजून जाल. घरात जाल्याची नवी रस्सी होती, नायलनची. तीच टाकली. शंभर वर्सं कुजनार नाय बोलले."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. धर्मादादा, म्हणजे हिराबाईंचे यजमान, खाडीत जाळं टाकणारा माणूस. खाऱ्या पाण्यात लोखंडाचं काय होतं हे त्यांना जन्मापासून ठाऊक. तार कशासाठी, हे मात्र त्या साहेबाने सांगितलं नव्हतं. जे टिकेल ते टाकायचं, एवढाच विचार त्यांनी केला आणि घरातली सगळ्यात चांगली रस्सी मातीत पुरली. मिठागरावर आणि खाडीवर जन्म काढलेल्या माणसालाच ही चूक सुचू शकते.

"बाई," मी म्हटलं, "मशीनला नायलॉन दिसत नाही हो."

धर्मादादांना जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "म्हंजे तेंनी उगाच टाकली?"

इतकी वर्षं लोकांना 'काही सापडलं नाही' हे सांगत आलो, पण त्या दिवशी ते न सांगता गाडीकडे वळलो.

उरला एकच उपाय. माझ्याकडे फायबरची एक लवचिक लांब दांडी आहे, वेटोळं करून गाडीत पडलेली असते. तिच्या पोटात तांब्याची तार असते. ती पाइपच्या आत सरकवली की जणू पाइपलाच तार मिळते, आणि वरून दांडा ऐकू शकतो. पण त्यासाठी गावचं पाणी बंद करायचं, पाइप एका टोकाला उघडायची आणि पिण्याच्या पाण्यात ती दांडी घालायची. हळदीच्या तोंडावर. मी हिराबाईंना सगळं समजावून सांगितलं. अर्ध्या वाटेत दांडी अडकू शकते, हेही सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं, "तुमची ती दांडी सोच्छ हाय का?"

"तुमच्यासमोर ब्लीचिंग पावडरने धुतो."

"मी धुवनार," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी गावातल्या बायकांनी हंडे, पिंप, हळदीच्या जेवणासाठी आणलेली भाड्याची पातेली, सगळं भरून घेतलं. मग हिराबाईंनी स्वतः टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला. टाकीच्या कट्ट्यावर एक म्हातारे बसले होते. त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि म्हणाले, "शनवार तेल्यांचं ना? तुमचे लोकांचा घाना होता आमचे आजोलाला." आमच्या जमातीचं हे जुनं नाव, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पडलेलं. ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिकडे माझ्या भावांना हे नाव कुणी घेऊन हाक मारत नसणार.

दांडी आत जायला लागली. मी वरून ऐकत चाललो, मागून इम्रान चुना टाकत. गावकरी म्हणत होते, पाइप टाकीपासून देवळाकडे सरळ जाते. चुन्याची रेघ मात्र वळत चालली. ते म्हातारे कट्ट्यावरून उठून आले, रेघेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो तर बांद." बरोबर होतं. मिठागराचा जुना बांध तसाच वळायचा. त्या वेळी चिखलात कोण खोदणार म्हणून लोकांनी बांधाच्या अंगाने चर घेतला, नंतर बांध भरावाखाली गेला आणि लोकांच्या आठवणीत पाइप सरळ झाली.

सगळं छान चाललं होतं आणि गटाराच्या जागेपर्यंत थोडंसंच अंतर राहिलं असताना दांडी अडकली. ढकलली, फिरवली, मागे घेऊन पुन्हा सरकवली. नाही म्हणजे नाही.

दुपार झाली होती. इम्रान घड्याळ बघत म्हणाला, "काका, जुम्म्याची नमाज आहे, मी तासाभरात आलो." मी म्हटलं, "जा, पण लवकर ये. मला सूर्यास्ताच्या आत घरी पोचायचंय."

हिराबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एकाला दुपारी जायाचा, एकाला सांजचे आत. माझी पाइप तुमचे देवांना सुट्टी नसंल तवा गावनार," त्या म्हणाल्या, आणि पोकलेनवालाही हसला.

इम्रान येईपर्यंत मी म्हाताऱ्यांना घेऊन बांधाचं वळण पुढे कसं जात असेल ते पावलांनी पाहिलं आणि गटाराच्या जागेवर चुन्याचा एक रुंद पट्टा आखला. पाइप यातच कुठेतरी, इतकंच मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होतो. खरं म्हणजे असा पट्टा हातानेच खोदायचा. आम्ही तसं सुरूही केलं, पण खाडीला भरती होती, खड्ड्यात खालून पाणी चढायचं आणि कडा ढासळायच्या. शेवटी इम्रान परत आल्यावर ठरलं, की पोकलेनच्या बकेटला बिनदातांची सपाट पट्टी लावायची आणि पातळ थर खरवडत जायचं, भाकरी तव्यावरून सोडवावी तसं. मी एका बाजूला, हिराबाई दुसऱ्या बाजूला.

पट्टा जवळजवळ संपला. काही निघालं नाही. पाइप गटाराच्या वाटेत नाहीच असं वाटून इम्रानच्या चेहऱ्यावर सुटकेची छटा यायला लागली होती. माझा हिशेब उलटा होता. पाइप या पट्ट्यात नसेल तर आता ती कुठेही असू शकत होती. पोकलेनवाल्याने शेवटच्या कडेला बकेट टेकवली, मागे ओढली, वर उचलली.

बकेटच्या कडेला काळ्या चिखलातून काहीतरी लोंबत होतं.

"थांब," हिराबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. पण पोकलेनवाल्याने बकेट होती तिथेच धरली.

त्या खाली उतरल्या, चिखलात, लग्नघरच्या चांगल्या साडीत. पदराने ती वस्तू पुसली. नारिंगी रस्सी. इतक्या वर्षांनी काल दुकानातून आणल्यासारखा रंग. दोन तुकडे जोडून गाठ मारलेली होती. त्या गाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "तेंचीच गाठ हाय. दुसरा कोन अशी मारत नाय."

मी रस्सीखाली हाताने माती सारली. वीतभरही गेलो नसेन, बोटांना पाइपची गुळगुळीत पाठ लागली. बकेट आणखी एकदा खाली आली असती तर काय झालं असतं ते सांगायची गरज नाही. इम्रानने पोकलेनवाल्याला मशीन बंद करायची खूण केली.

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "उगाच नाय टाकली," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण हसत होत्या. मी म्हटलं, "नाही बाई. उगाच नाही टाकली." माझेही भरले होते.

पाइप उघडी करून तिला लोखंडी नळकांड्याचं संरक्षण दिलं आणि गटार तिच्या खालून नेलं. मी सूर्य बुडायच्या जरा आधी घरी पोचलो. रविवारी संध्याकाळी मी आणि बायको हळदीला गेलो. नळाला पाणी होतं. हिराबाईंनी माझ्या गालाला इतकी हळद फासली, की सोमवारी खारघरच्या एका सोसायटीत मला कावीळ झालीय का असं विचारलं गेलं. पावसात गावच्या आळ्या कोरड्या राहिल्या, हे इम्रानने मला व्हिडिओ कॉल करून दाखवलं.

यंदा गावाने जुनी पाइप बदलून नवी टाकली. चर खोदून तयार झाला तेव्हा हिराबाईंचा फोन आला, तुमीच उभे रावून टाकून घ्या. मी तांब्याची तार घेऊन गेलो, प्लास्टिकचं आवरण असलेली, खारपटात न गंजणारी. तार पाइपच्या जोडीने अंथरून झाली, टोकं व्हॉल्व्हच्या खोलीत वर काढून ठेवली, पुढे जो कुणी येईल त्याला पेटी लावता यावी म्हणून. माती लोटायला सांगणार इतक्यात हिराबाई घरातून आल्या. हातात नव्या रस्सीचं वेटोळं, नारिंगीच.

"तार मशीनसाठी," त्या म्हणाल्या. "रस्सी मानसासाठी."

मी वेटोळं घेतलं आणि चरात उतरलो. दोन तुकडे जोडायचे होते, तेव्हा मी हाक मारली, "हिराबाई, ती गाठ कशी मारायची तेवढं दाखवा."